प्रकल्प नोंदी: चार भावंडांचा क्वार्टेट, मारिबोरच्या टापूतले तीन संगीतकार

१२ सप्टेंबर

भावंडांच्या तंतुवाद्य क्वार्टेटच्या (दोन व्हायोलिनं, व्हायोला, चेलो) सीडीचा कार्यक्रम पक्का केला. अट एकच: संगीतकार स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहराहून गाडीने तास-सव्वातासाच्या टापूत जन्मलेला हवा. राजधानी लुब्लियानाच्या मंडळींची ध्वनिमुद्रणं पुष्कळ आहेत, या खेपेला ती नकोत.

ह्यूगो वोल्फचा जन्म १८६० चा, गाव स्लोवेन्य ग्रादेत्स. पुढे १८७३ ते १८७५ तो मारिबोरच्याच शाळेत होता. तो जर्मन कवितांवरच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध, आयुष्य व्हिएन्नात गेलं, त्यामुळे 'हा आपला कसा' हा प्रश्न येणारच. उत्तर पुस्तिकेत एका परिच्छेदात द्यायचं, वाद घालायचा नाही. वोल्फच्या घरी वडील पहिलं व्हायोलिन वाजवत, ह्यूगो दुसरं, भाऊ मॅक्स चेलो. भावंडांच्या क्वार्टेटला याहून जवळचा संगीतकार सापडणं कठीण.

बेन्यामिन इपावेत्स (१८२९–१९०८) शेंट्युरचा. पेशाने डॉक्टर, कारकीर्द ग्राझमध्ये. धाकटा भाऊ गुस्ताव हाही डॉक्टर आणि संगीतकार. बेन्यामिनचं तंतुवाद्यवृंदासाठीचं 'सेरेनेड' चार वाद्यांवर आणायचं आहे. स्लाव्को ओस्टर्त्स (१८९५–१९४१) मुरा नदीकाठच्या वेर्झेयचा. मारिबोरच्या अध्यापक विद्यालयात एमेरिक बेरान त्याचा संगीतशिक्षक होता, आणि बेरान हा चेक संगीतकार यानाचेकचा शिष्य. पुढे १९२५ ते १९२७ ओस्टर्त्स प्रागमध्ये शिकला. त्याचा पहिला क्वार्टेट १९२७ चा, तोच घ्यायचा.

वोल्फचा डी मायनर क्वार्टेट गाळला. तो एकटाच चाळीस मिनिटांच्या वर जातो, मग बाकीच्यांना जागा उरत नाही. त्याऐवजी 'इंटरमेत्झो' (१८८६, ई फ्लॅट मेजर, दहा-बारा मिनिटं) आणि 'इटालियन सेरेनेड' (१८८७, जी मेजर, सात मिनिटं).

हक्क: तिघांच्याही मृत्यूला सत्तर वर्षं उलटली आहेत. ओस्टर्त्सची मुदत २०११ अखेर संपली. पण रचना मोकळी झाली म्हणजे छापील आवृत्ती मोकळी झाली असं नाही. अलीकडे संपादित झालेल्या पार्टवर (एकेका वादकाच्या ओळीच्या प्रतीवर) संपादकाचा किंवा प्रकाशकाचा हक्क असू शकतो. प्रत्येक आवृत्तीचं साल आणि संपादक तक्त्यात नोंदवले.

२१ सप्टेंबर

पार्ट तयार करणं. या कामाला रेकॉर्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो आणि बजेटमध्ये त्याची ओळही नसते.

इपावेत्सच्या सेरेनेडमध्ये अडचण डबल बासची. बास चेलोचीच ओळ खालच्या सप्तकात दुणावतो तिथे तो सरळ काढला. बासची ओळ स्वतंत्र असेल तिथे ती चेलोला द्यायची आणि चेलोची ओळ व्हायोलाकडे सरकवायची, मात्र व्हायोलाची सर्वांत खालची तार सी आहे, त्याखालचा स्वर आला की वाक्यच उचलून एक सप्तक वर न्यायचं. एखादाच स्वर वर नेला तर सुरावटीत मधेच उडी दिसते. व्हायोला दोन भागांत विभागलेले असतील तिथे दोन तारांवर एकदम वाजवता येतं का ते हातात वाद्य घेऊन तपासायचं. कागदावर सोपे दिसणारे दोन स्वर एकाच तारेवर येत असतील तर ते वाजवणं अशक्य. अशा ठिकाणी दुसऱ्या व्हायोलिनला एक स्वर दिला. शिवाय वृंदासाठीचे लांब, एका गजातले स्वर एकट्या वादकाला पुरत नाहीत. वृंदात प्रत्येक जण वेगळ्या क्षणी गज फिरवतो म्हणून ओळ अखंड वाटते, इथे एकाचा गज फिरला की लगेच कळतं. गजाच्या दिशा नव्याने लिहिल्या.

ओस्टर्त्ससाठी लुब्लियानाच्या राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालयातल्या संगीत संग्रहाकडे विचारणा केली. मुख्य प्रश्न शार्प-फ्लॅट खुणांचा, म्हणजे स्वर चढवण्या-उतरवण्याच्या खुणांचा. खूण पूर्ण मापाला (दोन उभ्या रेषांमधल्या भागाला) लागू की फक्त त्या स्वराला, हे त्या काळच्या नव्या संगीतात सरसकट गृहीत धरता येत नाही. त्याच मापात तोच स्वर पुन्हा आला आणि खूण दिली नसेल तर दोन अर्थ निघतात. अशी प्रत्येक जागा पेन्सिलने घेरली आणि चारही ओळी उभ्या वाचून निर्णय केला. पार्टमध्ये कंसात खूण छापली, म्हणजे स्टुडिओत वाद नको.

मापांचे क्रमांक प्रत्येक मापावर छापायचे, दर दहाला नाही. स्कोअर (चारही ओळी एकत्र असलेली प्रत) आणि चारही पार्ट यांची बेरीज शेवटच्या मापाशी जुळते का ते पाहायचं. पुनरावृत्तीच्या खुणेपाशी पहिला-दुसरा शेवट असेल तर एका पार्टात एक माप जास्त मोजलेलं हमखास सापडतं. मग '२१२ पासून' म्हटलं की चेलो २११ पासून निघतो.

कागद शंभर ग्रॅमचा, मळकट पांढरा, एका बाजूलाच छापलेला. पानं सुटी, स्टँडवर तीन शेजारी-शेजारी. पान उलटण्याचा आवाज एडिटमध्ये काढता येत नाही, कारण तो नेमका वाजणाऱ्या स्वरावर पडतो. टॅब्लेट नको असं ठरलं. पायपेडलची टिकटिक लाकडी फळीतून चेलोच्या माइकपर्यंत जाते.

४ ऑक्टोबर

सराव ऐकला. चौघांचा सूर, गजाचा वेग, कंपाची रुंदी यांत इतका सारखेपणा आहे की दोन व्हायोलिनं डोळे मिटून ओळखता येत नाहीत. लहानपणी एकाच घरात, एकाच शिक्षकाकडे शिकल्याचा हा परिणाम. मैफिलीत हे वैभव. ध्वनिमुद्रणात मात्र यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्हींवर आधीच तोड काढायला हवी.

पहिली लयीची. परक्या चौघांत एक जण पळाला की दुसरा अडवतो, ठेच लागते, थांबून दुरुस्ती होते. भावंडं एकत्र पळतात. ठेच लागतच नाही, त्यामुळे कोणालाच कळत नाही. इटालियन सेरेनेड ३/८ मध्ये आहे, मापाला एक ठोका. शेवटाकडे येता येता लय मिनिटाला पाच-सहा ठोके वाढलेली असते आणि चौघेही 'स्थिर होती' म्हणून शपथ घेतील. पळतात ते दोनच प्रसंगी: आवाज वाढवताना, आणि गज तारेवरून उसळता ठेवायचा असतो तिथे. उसळीला वाद्याची आणि गजाची स्वतःची एक सोयीची गती असते, हात तिकडे ओढला जातो.

उपाय: सरावाचं फोनवर रेकॉर्डिंग, दर सोळा मापांना लय मोजून तक्ता, तक्ता स्टँडवर चिकटवलेला. सेरेनेडची लय पहिल्या व्हायोलिनने नव्हे तर व्हायोलाने धरायची, कारण आतल्या ओळीतले एकसारखे छेडल्यागत ठोके बरेचदा तिच्याकडे आहेत. टेकच्या आधी मूक मेट्रोनोमचा दिवा दोन मापं दाखवायचा आणि बंद करायचा. कानात सतत ठोका देऊन वाजवून घेतलं तर वोल्फ मरतो.

दुसरी सुराची, ती पुढच्या नोंदीत.

११ ऑक्टोबर

ए, म्हणजे ज्यावर सगळी वाद्यं लावतात तो स्वर, ४४२ हर्ट्झ ठरवला.

चेलो आणि व्हायोलाच्या सीपासून व्हायोलिनच्या ईपर्यंत चार पंचम येतात: सी, जी, डी, ए, ई. प्रत्येक पंचम शुद्ध म्हणजे ७०२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) लावला तर वरचा ई खालच्या सीशी ४०८ सेंटचा गांधार करतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार ३८६ चा. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना २२ सेंटचा हा फरक लगेच बोचेल. म्हणून सी आणि जी किंचित चढ्या लावायच्या, पंचम दोन-दोन सेंटने आवळायचे. ई तरीही चढाच राहतो. सी मेजरच्या सुरावटीत मोकळी ई तार टाळून ए तारेवर चौथ्या बोटाने वाजवायचा. पार्टमध्ये तशी बोटं लिहिली.

लयीसारखीच गत सुराची. चौघं मिळून वर सरकतात. आपसात सगळं जुळलेलं, पण टेक १ मधला तुकडा टेक ६ मध्ये चिकटवायला गेलं की सांधा ऐकू येतो. दर दोन टेकनंतर ट्यूनरवर ए तपासायचा, कानाने नाही. कानाला आत्ताच वाजलेलं खरं वाटतं.

१९ ऑक्टोबर

जागेची पाहणी. पोहोर्ये डोंगराच्या पायथ्याचं एक जुनं चर्च. आत लाकडी बाकं, दगडी फरशी, वर कमानी छत. रिकाम्या जागेत घुमारा पावणेतीन सेकंदांच्या आसपास. इपावेत्सला तो शोभेल, ओस्टर्त्सच्या दाट, तुटक लिखाणाचा मात्र चिखल होईल. बाकांवर जाड ब्लँकेटं अंथरली आणि मागच्या भिंतीसमोर दोन पडदे टांगले की दोन सेकंदांच्या खाली येतं. टाळी वाजवून मागच्या भिंतीचा वेगळा प्रतिध्वनी येतो का पाहिलं. येतो, म्हणून क्वार्टेट मध्यरेषेवर न बसवता मीटरभर बाजूला आणि किंचित तिरका.

आवाजांची यादी: मनोऱ्यातलं घड्याळ दर पाव तासाला, दुपारी बाराच्या घंटा, मागच्या खोलीतला फ्रिज, रस्त्यावरचे ट्रॅक्टर. आणि क्लोपोतेत्स. द्राक्षमळ्यातून पाखरं हुसकावायला उंच खांबावर बसवलेलं लाकडी पवनयंत्र, वाऱ्याने फिरतं आणि हातोड्या फळीवर आपटत राहतात. उन्हाळ्याच्या ऐन भरात उभारतात आणि परंपरेने ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत उतरवतात. लांबून गोड वाटतं, पण ध्वनी नियमित नसल्याने कुठल्याही फिल्टरने काढता येत नाही. मळेवाल्याला 'चार दिवस थांबवा' म्हणणं म्हणजे पिकावर पाणी सोडायला सांगणं.

२ नोव्हेंबर

तारखा मार्टिनच्या नंतरच्या ठरल्या. मळे शांत, पण चर्च थंड. हीच खरी देवघेव आहे. तापवण्याची यंत्रणा पंख्याची, टेक चालू असताना ती चालवता येत नाही. रात्रभर तापवायचं, सकाळी बंद करायचं, टेक घ्यायचे, दर विश्रांतीला पुन्हा सुरू. अशाने पहिल्या तासात तापमान पाच-सहा अंशांनी उतरतं. थंडीने तारा आकसतात, ताण वाढतो, सूर चढतो. उलट रात्री तापवलेल्या कोरड्या हवेत लाकूड आकसून खुंट्या सैल पडतात आणि सकाळी तार उतरलेली मिळते. एकाच दिवसात दोन्ही दिशांना. वाद्यांच्या पेट्या रात्री चर्चमध्ये ठेवायच्या नाहीत, पण वादकांच्या आधी पाऊण तास तिथे आणून उघडून ठेवायच्या. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहावी म्हणून मोजणी यंत्र आणि दोन ओले टॉवेल.

१५ नोव्हेंबर

मांडणी. चेलो जमिनीवर ज्यावर टेकतो त्या खिळ्याखाली दगड असेल तर खिळा घसरतो आणि खालचे स्वर कोरडे राहतात. १८ मिलिमीटर प्लायवुड जाड गालिच्यावर सपाट टाकलं. खाली पोकळी ठेवून मंच केला तर चेलोचे एक-दोन स्वर ढोलासारखे फुगतात. चेलोचा 'लांडगा स्वर' (थरथरत गुरगुरणारा स्वर) एफ ते एफ शार्पच्या आसपास असतो; या वाद्याचा एफ शार्पवर सापडला. घोडीखालच्या तारेच्या भागावर पितळी वजन सरकवून तो बराच दबला.

बैठक: पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, चेलो, व्हायोला. व्हायोला बाहेर बसवली की तिची आवाजाची छिद्रं माइकांकडे पाठ करतात, तरी ती बाहेरच. चौघांचा पोत सारखा असल्याने आतल्या ओळी एकमेकींत विरघळतात. चेलो मधे ठेवून दोन मधल्या आवाजांत अंतर पाडणं जास्त गरजेचं. व्हायोलाची खुर्ची वीस अंश आत वळवली.

मुख्य माइक: दोन सर्वदिशी, एकमेकांपासून ५० सेंटिमीटर, जमिनीपासून २.६ मीटर, पहिल्या खुर्चीच्या रेषेपासून २.२ मीटर. शिवाय प्रत्येक वाद्याला एक जवळचा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा माइक), दीड मीटरवर, मिश्रणात फार तर चवीपुरता. मागे दोन माइक घुमाऱ्यासाठी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत जोरकस जागी उणे १० ते १२ डेसिबल. मोकळ्या खोलीचा आवाज मिनिटभर घेतला, तापवणी बंद आणि चौघं जागेवर बसलेली असताना. माणसं बाहेर असताना घेतलेली शांतता सांध्यात भरली की वेगळी कळते.

१६ नोव्हेंबर

इटालियन सेरेनेड. सकाळी हात थंड, म्हणून उसळत्या गजाच्या जागा दुपारनंतर. आधी चेलोचा मधला गाण्यासारखा मोकळा भाग घेतला. तो एकटीच्या श्वासावर चालतो, लयीचा तक्ता तिथे लागू नाही. मग संपूर्ण रचना सलग दोनदा, आणि त्यानंतरच तुकडे. सलग टेक आधी नसतील तर तुकड्यांना आधार कशाचा?

दुपारी जवळच्या माइकांत पहिल्या व्हायोलिनच्या गजाची काडी तारेला लागल्याची टकटक आली. राळ जास्त आणि गजाचे केस सैल. अर्धा फेरा आवळल्यावर गेली.

सेरेनेडमधली मुख्य सुरावट फिरून फिरून येते. त्यामुळे एका ठिकाणचा बिघडलेला तुकडा दुसऱ्या ठिकाणाहून भरण्याचा मोह होतो. लय चढलेली असेल तर तो जुळत नाही. तक्ता पाहून जिथे फरक मिनिटाला एका ठोक्यापेक्षा कमी, तेवढ्याच जागा 'अदलाबदल चालेल' म्हणून स्कोअरवर हिरव्या पेन्सिलने.

१७ नोव्हेंबर

इंटरमेत्झो, मग इपावेत्स. ब्लँकेटं अर्धी काढली. इपावेत्स छान बसला, विशेष नोंद नाही. एवढंच की वृंदासाठी लिहिलेला जोरकस आवाज चौघांनी ओढून काढायचा नाही. गज दाबला की स्वर चिरडतो. गज घोडीच्या जवळ न्यायचा, वेग कमी करायचा आणि घुमाऱ्यावर विसंबायचं.

१८ नोव्हेंबर

ओस्टर्त्स. ब्लँकेटं पूर्ण, पडदे पुढे ओढलेले, मुख्य माइक २० सेंटिमीटर जवळ.

पुनरावृत्ती टाळणं हा ओस्टर्त्सचा बाणाच. म्हणजे अदलाबदलीला जागाच नाही, प्रत्येक मापाला स्वतःचे किमान दोन निर्दोष टेक हवेत. स्कोअरवर प्रत्येक मापाखाली प्रत्येक ओळीसाठी खूण करत गेलो: बरोबर, संशय, चूक. संशयही चूकच धरायची. तुकडे आठ ते वीस मापांचे, आणि प्रत्येक तुकडा हव्या जागेच्या चार मापं आधी सुरू. थेट सांध्यावर सुरू केलेल्या टेकमध्ये आधीच्या स्वरांचा घुमारा नसतो. चिकटवल्यावर तिथे भोक पडल्यासारखं वाटतं.

इथे भावंडांचं एकमत पुन्हा आडवं आलं. एका मापात चौघांनीही सलग सगळ्या टेकमध्ये एक खूण सारखीच चुकीची वाचली. आघाताची खूण दुसऱ्या ठोक्यावर होती, वाजली पहिल्यावर. एकसंध वाजल्यामुळे बरोबरच वाटली. स्कोअर समोर ठेवून ऐकणारा, घराबाहेरचा एक माणूस सतत खोलीत असावा तो यासाठी. तो भाग शेवटी पुन्हा घेतला.

५ डिसेंबर

एडिट. सांधा शक्यतो आघाताच्या क्षणाच्या पाच-दहा मिलिसेकंद आधी. लांब स्वराच्या मधे जोडावं लागलं तर ३० ते ५० मिलिसेकंदांचा उतार-चढाव, पण गजाची दिशा दोन्ही टेकमध्ये तीच हवी. गजाच्या दिशा आधीच लिहून घेतल्याने इथे फार सोपं गेलं.

श्वास. थोरला प्रत्येक सुरुवातीला नाकाने जोरात श्वास घेतो, बाकी तिघं त्यावरच निघतात, मान हलवण्याची गरजच पडत नाही. सगळे श्वास काढले तर सुरुवाती अधांतरी वाटतात. रचनेच्या आरंभीचे ठेवले, मधले सहा-आठ डेसिबलने दाबले. खुर्चीची करकर मात्र सगळी काढली.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर वापरलं नाही. मुख्य माइकांत चौघं एकत्र मिसळलेली असतात, एकाचा स्वर हलवला की तिघांचे थरथरतात.

९ जानेवारी

मिश्रण. जवळचे माइक मुख्य जोडीच्या तुलनेत उणे १४ ते १८ डेसिबल, आणि अंतराएवढा उशीर देऊन. ध्वनीला दर मीटरला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. उशीर दिला नाही तर व्हायोलिन दोनदा सुरू झाल्यासारखं धूसर होतं. दोन व्हायोलिनं वेगळी कळावीत म्हणून दुसऱ्याच्या जवळच्या माइकला जरा जास्त जागा. पोत सारखा असेल तर अंतर दिशेने दाखवावं लागतं, इक्वलायझरने दाखवायला गेलं की एक वाद्य स्वस्त वाटू लागतं.

कॉम्प्रेसर नाही. कमाल पातळी उणे १ डेसिबल. भाग आणि भाग यांत पाच-सहा सेकंद, रचनांमध्ये नऊ. ती शांतता खोलीची, डिजिटल शून्य नाही. ब्लँकेटं कमी-जास्त असल्याने प्रत्येक रचनेपुढे तिचीच खोली.

क्रमाबद्दल मतभेद होते. ठरलं ते असं: सेरेनेड (वोल्फ), ओस्टर्त्स, इंटरमेत्झो, इपावेत्स. दोन सेरेनेडं पाठोपाठ ठेवली असती तर इपावेत्स बिचारा उगाच फिका पडला असता.

२७ जानेवारी

आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, प्रत्येक भागाला वेगळा, बारा चिन्हांचा. स्लोव्हेनियात यासाठी कलाकार आणि निर्मात्यांच्या हक्कसंस्थेकडे, झावोद आयपीएफकडे, अर्ज. इपावेत्सपुढे 'चार वाद्यांसाठी रूपांतर' आणि रूपांतरकाराचं नाव सगळीकडे एकाच शब्दांत लिहायचं. पुस्तिकेत एक, डिजिटल माहितीत दुसरं असं झालं की मानधन अडकतं. वोल्फचं जन्मगाव पुस्तिकेत स्लोवेन्य ग्रादेत्स, त्याच्या काळचं जर्मन नाव विंडिशग्रेट्स तळटिपेत.

डीडीपी प्रतिमा (सीडी छापण्यासाठीची मूळ डिजिटल फाइल) कारखान्याला पाठवण्याआधी ती सीडीवर उतरवून साध्या गाडीच्या प्लेअरवर पूर्ण ऐकली. ओस्टर्त्सच्या दुसऱ्या भागाचा ट्रॅक अर्धा सेकंद उशिरा सुरू होत होता, पहिला स्वर कापला जात होता. खूण पहिल्या स्वराच्या ३०० मिलिसेकंद आधी सरकवून नवी प्रतिमा काढली. जुनी फाइल सर्व्हरवरून काढून टाकली, नावाला तारीख जोडली. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या बंधनकारक प्रती छपाईच्या संख्येत धरल्या आहेत. नमुना प्रत आली की लेबलवरचे कॅरन, म्हणजे अक्षरांवरच्या उलट्या टोप्या, आधी तपासायच्या.